उपग्रहाला माझा कांदा दिसला का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, रावेत येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझं नाव पुकारल्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आता हा भूगोलाचा तास घेणार." आवाज ओळखला. त्याच माणसाने भूगोलाच्या पेपरात माझ्या उत्तरपत्रिकेकडे किती वेळा पाहिलं, हे बाईंना आज सांगत नाही.

आयोजकांनी सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी बोलावं. माझं काम सांगायला सोपं आणि समजावायला अवघड. उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून कोणत्या तालुक्यात कोणतं पीक किती हेक्टरवर उभं आहे, याचा अंदाज काढायचा. आमची आई शेवटपर्यंत शेजारणींना "तो विमानातून शेतं मोजतो" असंच सांगायची. मी दुरुस्त करत बसलो नाही.

पण आज बोलायचं कारण वेगळं आहे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपल्या एका मित्राने मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं नाव घेत नाही, तो आत्ताच माझ्याकडे डोळे वटारून बघतोय. शाळेत शेवटच्या बाकावर बसायचा, आता चाकणच्या बाजूला शेती करतो. आजूबाजूच्या जमिनी कारखान्यांना आणि गोदामांना गेल्या, हा अजून कांदा करतो.

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचे भाव किती पडले होते ते आठवत असेल. काहींना वाहतुकीचा खर्चही सुटला नाही. मग राज्य सरकारने अनुदान जाहीर केलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. अट अशी, की सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. आपल्या मित्राकडे बाजारातल्या विक्रीच्या पट्ट्या होत्या, कांदा विकल्याचा पुरावा होता, पण त्या हंगामाची पीक पाहणीची नोंद राहून गेली होती. सातबारा म्हणत होता, इथे कांदा नव्हताच.

त्याने ग्रुपवर लिहिलं, "तुझ्या उपग्रहाला माझा कांदा दिसला का? दिसला असेल तर तसं लिहून दे."

खाली सगळ्यांनी हसण्याची चित्रं टाकली. मला हसू आलं नाही. मी त्या रात्री उत्तर दिलं नाही, कारण धड उत्तर मला देता येत नव्हतं. आज देतो. जरा लांबेल. जेवणाला उशीर होणार नाही, एवढं आयोजकांना कबूल केलंय.

आधी पाहणी म्हणजे काय ते. पीकपेरा लिहायची आपली पद्धत जुनी आहे. तलाठ्याने हंगामात शिवारात फिरायचं, गटागटात काय उभं आहे ते बघायचं आणि गाव नमुना बारामध्ये लिहायचं. आपल्या सातबाऱ्यातला 'बारा' तो हाच. कागदावर ही पद्धत उत्तम आहे. पण एका तलाठ्याकडे दोन-तीन गावं, हजारो गट, आणि वर वसुली, दाखले, निवडणुका. मग काही ठिकाणी पाहणी शिवारात न होता पारावर होते. "यंदा काय, गेल्या वर्षीचंच ना?" असं विचारलं की झालं. कुठल्या गावची गोष्ट ते विचारू नका, गावोगाव होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर, शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून नोंद करायची. माझ्या मते ही फार चांगली गोष्ट आहे. फक्त ज्याच्या शेतात रेंज नाही, ज्याच्याकडे तसा फोन नाही किंवा जो मुदतीत विसरला, त्याचं पीक कागदावर उगवतच नाही.

याच जागी लोकांना उपग्रह आठवतो. वरून सगळं दिसतं, मग माणसाला विचारायचंच कशाला?

तर वरून काय दिसतं ते सांगतो. आपण शाळेत होतो तेव्हा अमेरिकेचा लँडसॅट-५ हा उपग्रह वर फिरत होता, १९८४ साली सोडलेला. त्याच्या चित्राचा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर ३० मीटर बाय ३० मीटर. आपल्या हिशेबात नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांत जे काही असेल, ऊस, बांध, बाभूळ, गोठा, त्या सगळ्याचा मिळून एक रंग. पुढे आपल्या इस्रोचे उपग्रह आले. त्यांच्या लिस-३ कॅमेऱ्याचा पिक्सेल साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठे. २०१५ पासून युरोपचा सेंटिनेल-२ दहा मीटरचा पिक्सेल देतो, आणि फुकट देतो. दहा बाय दहा म्हणजे शंभर चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक पिक्सेल, एक गुंठा. ही युरोपच्या शास्त्रज्ञांनी मराठी शेतकऱ्याची केलेली सोय आहे असं मी नेहमी सांगतो. त्यांना पत्ता नाही, पण झाली खरी.

आता अर्ध्या एकराचं चौकोनी वावर घ्या. बाजू सुमारे ४५ मीटर. लिस-३ च्या चित्रात त्यात पूर्ण बसणारा पिक्सेल जास्तीत जास्त एक. बाकीचे सगळे बांधावर बसलेले, अर्धे तुमचे, अर्धे शेजाऱ्याचे. बांधाचं भांडण आकाशातही आहे. सेंटिनेलमध्ये नऊ ते सोळा पिक्सेल धड आत बसतात. एवढ्यावर काम करता येतं. अमेरिकेने १९७४ ते ७७ या काळात लँडसॅटवरून गव्हाचा अंदाज काढायचा मोठा प्रयोग केला आणि १९७७ साली सोव्हिएत गहू कमी येणार हे कापणीआधी ओळखलं, असं आम्हाला शिकवलं जायचं. ते खरंच आहे. पण तिथलं एकेक शेत म्हणजे आपलं अख्खं शिवार. आपल्या वाट्याला गुंठेवारी आली.

दुसरी गोष्ट रंगाची. हिरवं पान लाल प्रकाश खाऊन टाकतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंच्या फरकावरून हिरवेपणा मोजता येतो. पण हिरवेपणा म्हणजे पिकाचं नाव नव्हे. गहू हिरवा, हरभरा हिरवा, कांदा हिरवा, पडीक रानातलं गवतही हिरवं. ओळख पटते ती वेळेवरून. ऊस वर्षभर हिरवा राहतो, आडसाली असेल तर दीड वर्ष. गहू नोव्हेंबरात पेरला की जानेवारीत दाट होतो आणि मार्चमध्ये एकदम पिवळा पडतो. कांद्याची पात उभी आणि पातळ, वाफ्यातली माती मधून दिसत राहते, म्हणून त्याचा आलेख गव्हाइतका वर चढत नाही, आणि माना पडल्या की खाली येतो. दर पाच दिवसांनी चित्र मिळालं तर हा प्रवास दिसतो. रब्बीत मिळतं. खरिपात आपल्या मावळात जून ते सप्टेंबर वरून दिसतात ते फक्त ढग.

ढगांवर उपाय रडार. रडार स्वतःच्या लहरी खाली सोडतं आणि परत आलेल्या पकडतं. त्याला ढगही आडवा येत नाही आणि रात्रही. भाताचं त्याला बरं जमतं. चिखलणी केलेल्या खाचरात पाणी असतं, लहरी आरशावरून सटकाव्या तशा सटकतात आणि खाचर काळंभोर दिसतं. रोप वाढेल तसं ते उजळत जातं. इतकी स्पष्ट सही दुसऱ्या पिकाची नाही. तरी पवनेच्या वरच्या अंगाला डोंगराच्या सावलीतली खाचरं त्यालाही नीट दिसत नाहीत.

आता आपल्या मित्राचं शेत. त्याने विचारल्यावर मी त्याच्याकडून गट नंबर घेतला होता, हे त्याला आठवत असेल. पन्नास गुंठे, लांबट पट्टा. बांध, विहीर आणि कडेची झाडं सोडून तीसेक पिक्सेल हाती लागले. ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला रान उघडं. नोव्हेंबर संपताना हलकी हिरवी झाक. डिसेंबर-जानेवारीत चढती, पण गव्हाइतकी नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर उतार, मार्चच्या सुरुवातीला पुन्हा उघडी माती. जवळपासची कांद्याची खात्रीची दोन शेतं होती, त्यांचा आलेख याच्यावर ठेवला. एकावर एक बसले.

म्हणजे कांदाच. माझ्या मनाने विचारा, तर कांदाच. पण शपथेवर लिहून दे म्हणाल, तर लसूणही असाच दिसतो. वाफ्यात लावलेली आणखी एखादी पातळ भाजी असती तरी मला फरक कळला असता, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. उपग्रहाने त्याचं पीक पाहिलं. कांदा मात्र त्याने आणि त्याच्या बायकोनेच पाहिला, ज्यांनी तो लावला आणि काढला.

यावर तुम्ही म्हणाल, मग एवढी वर्षं तू पगार कशाचा घेतलास? रास्त प्रश्न आहे. फळा असता तर बरं झालं असतं, पण तोंडी सांगतो, गणिताच्या सरांनी चूक काढावी.

समजा एका भागात हजार हेक्टर जमीन आहे आणि खरा कांदा शंभर हेक्टर. माझा संगणक हुशार आहे, शंभरातला नव्वद हेक्टर कांदा तो बरोबर ओळखतो. उरलेल्या नऊशे हेक्टरपैकी फक्त पाच टक्के, म्हणजे पंचेचाळीस हेक्टर, चुकून कांदा म्हणून रंगवतो. एकूण अचूकता साडेचौऱ्याण्णव टक्के. दहावीला इतके मिळाले असते तर शाळेच्या फलकावर नाव लागलं असतं. पण नकाशावरचा कांदा मोजा. नव्वद अधिक पंचेचाळीस, एकशे पस्तीस हेक्टर. खऱ्यापेक्षा पस्तीस टक्के जास्त. तोच संगणक, तीच हुशारी, पण त्या भागात खरा कांदा पाचशे हेक्टर असता, तर चारशे पन्नास अधिक पंचवीस, म्हणजे चारशे पंच्याहत्तर. तिथे तो कमी दाखवतो. म्हणजे जिथे पीक थोडं तिथे फुगवतो आणि जिथे भरपूर तिथे दाबतो. नुसते रंगीत पिक्सेल मोजून हेक्टर सांगणाऱ्याचं असं होतं.

हे मला पुस्तकातून समजलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याचा उन्हाळी कांदा आम्ही असाच मोजला आणि आकडा वर पाठवला. पुढे बाजारात तेवढी आवक आलीच नाही. तेव्हा गाडी काढून रानात गेलो. आमच्या नकाशावरच्या एका मोठ्या लाल पट्ट्यात एक आजी खुरपत होत्या. त्यांना विचारलं, "कांदा कसा आहे यंदा?" त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "डोळं तपासून घ्या, सायेब. लसूण हाय ह्यो." पुढच्या पट्ट्यात जनावरांचा घास होता. त्याच्या पुढे काहीच नव्हतं, गवत होतं.

असा फुगलेला आकडा निरुपद्रवी नसतो. पीक भरपूर येणार अशी हवा झाली की भाव आधीच खाली बसतो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ पर्यंत बंद राहिली. निर्णय बरोबर की चूक, यावर आपल्यात दोन तट आहेत आणि आज भांडायचं नाही. पण असे निर्णय घेणाऱ्यांच्या समोर 'यंदा कांदा किती' हा आकडा ठेवलेला असतो. तो कोणीतरी माझ्यासारख्याने काढलेला असतो.

दुरुस्ती अवघड नाही, फक्त पायपीट आहे. नकाशावरून चिठ्ठ्या टाकून ठिकाणं निवडायची आणि प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवायचा. मघाच्या उदाहरणात कांदा म्हणून रंगवलेल्या १३५ पैकी खरा कांदा ९०, म्हणजे दोन-तृतीयांश. कांदा नाही म्हटलेल्या ८६५ मध्ये लपलेला १०. हे दोन्ही भाग वेगवेगळे तपासले की शंभर परत हाती येतो. उपग्रहाचा खरा फायदा इथे आहे. कुठे जास्त माणसं पाठवायची आणि कुठे थोडी पुरतील हे तो सांगतो, त्यामुळे कमी पायपिटीत जास्त भरवशाचा आकडा मिळतो. ठिकाणं मात्र चिठ्ठीनेच निवडायची. रस्त्याकडेची, ओळखीच्या पाटलाची, चहा मिळेल तिथली नाही.

हा चिठ्ठीचा धडा आपल्याच माणसाने घालून दिलाय. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला संख्याशास्त्र केलं. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. चिठ्ठीने शेत निवडायचं, शेतात चिठ्ठीनेच जागा निवडायची, दोरी लावून प्लॉट आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचं. तिकडे बंगालमध्ये महालनोबिस दोन-चार फूट त्रिज्येची लहान वर्तुळं कापत होते. सुखात्म्यांनी दाखवलं, की लहान प्लॉटने उत्पन्न फुगतं, कारण काठावरचं ताट कापणारा माणूस आत धरतो. हिशेब करून पाहा. दोरी चारी बाजूंनी दहाच सेंटिमीटर बाहेर गेली, तर दहा बाय पाच मीटरच्या प्लॉटमध्ये सहा टक्के वाढ होते. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात पस्तीस टक्के. सुखात्मे १९५१ साली रोमला अन्न व कृषी संघटनेत गेले आणि निवृत्तीनंतर पुण्यात राहिले. दिल्लीत उपग्रहावरून पिकांचा अंदाज काढणारं राष्ट्रीय केंद्र २०१२ साली झालं, त्याला नाव महालनोबिसांचं आहे. महालनोबिस थोर होतेच. तरी सातारकराचं नाव कुठेतरी असतं तर मला बरं वाटलं असतं.

क्षेत्र झालं, आता उत्पादन. हेक्टरला किती पिकलं हे उपग्रहाला क्षेत्रापेक्षा फार कमी कळतं. दाणा भरला की पोचट राहिला, जमिनीतला कांदा लिंबाएवढा की मुठीएवढा, हे पातीच्या रंगावरून अंदाजानेच सांगायचं. आणि याच आकड्यावर पीकविमा चालतो. महसूल मंडळाचं उंबरठा उत्पन्न हजार किलो आणि कापणी प्रयोगात सरासरी आठशे आली, तर विमा रकमेच्या वीस टक्के भरपाई. नऊशे आली तर दहा. शंभर किलोच्या फरकाने अख्ख्या मंडळाची भरपाई निम्मी होते. म्हणून त्या प्लॉटभोवती दोन्ही बाजूंनी ओढाताण असते, कोणाला आकडा कमी हवा, कोणाला जास्त. २०२३ पासून केंद्राने भात आणि गव्हासाठी कापणीच्या आकड्याला उपग्रहावर आधारलेल्या अंदाजाची किमान तीस टक्के जोड द्यायची पद्धत आणली. आकाशातून कोणी दोरी सरकवू शकत नाही, हे तिच्या बाजूचं म्हणणं मला मान्य आहे. पण उपग्रहाचा अंदाज शिकतो तो जुन्या कापणी प्रयोगांवरूनच. प्रयोग पारावर बसून लिहिलेले असतील, तर उपग्रहही तेच शिकेल आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगेल. प्रयोगांची संख्या घटवायला उपग्रहाचं निमित्त करू नये, असं मी प्रत्येक बैठकीत बोलतो. प्रत्येक बैठकीत ऐकलं जातं असं नाही.

सर, आठवीत तुम्ही आम्हाला शाळेचं मैदान पावलांनी मोजायला लावलं होतं. चौघांची चार उत्तरं आली. आम्हाला वाटलं, आता ओरडा बसणार. तुम्ही म्हणालात, "चारही वहीत लिहा, आणि मग सांगा मैदान केवढं." मी नोकरीत दुसरं काही केलेलं नाही.

मित्राचं काय झालं ते राहिलं. नोंद राहून गेलेले तो एकटा नव्हता, पुष्कळ होते. पुढे शासनाने नोंद नसलेल्यांसाठी गावपातळीवर समितीने पाहून अहवाल द्यावा अशी सवलत दिली. त्याच्याकडे समिती आली तेव्हा शेतात कांदा कुठून असणार? त्यांनी पट्ट्या पाहिल्या, विहीर पाहिली, शेजाऱ्यांना विचारलं. पैसे टप्प्याटप्प्याने आले. माझ्या आलेखाचा त्यात काही उपयोग झाला नाही. बांधाशेजारच्या म्हाताऱ्याच्या शब्दाचा झाला. गेल्या रब्बीत मात्र त्याने मुदतीत, वाफ्यात उभं राहून फोटो काढला आणि तो आधी आपल्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, "उपग्रहाला कळव."

आता तुमच्याकडे एक काम आहे. मी सोबत १९९० च्या सुमाराचं लँडसॅटचं एक चित्र आणलंय. पवनेचं वळण आणि बंधारा ओळखू येतो. नदीकाठचा भाग गडद लाल आहे, त्या चित्रात हिरवळ लाल दिसते. वरच्या अंगाला फिकट पट्टे आहेत. १९९७ साली गाव महापालिकेत गेलं, आणि आज त्याच जागेच्या चित्रात इमारतींची छपरं आणि रस्ते आहेत. जुन्या चित्रातल्या एकेका नऊ गुंठ्यांच्या ठिपक्यात काय होतं, ऊस की घास की मेथी, हे मला कुठल्याही संगणकावरून काढता येणार नाही. तुमच्यातल्या निम्म्या लोकांची ती शेतं होती. जेवणानंतर सातवीच्या वर्गात चित्र मोठं करून भिंतीवर लावतो, खाली पेन्सिली ठेवतो. ज्याला जे वावर आठवतंय त्याने तिथे पीक लिहावं. दोघांचं एकमत झालं नाही, तर दोन्ही लिहा.